बापूंची तयार पत्रिका

रूपालीने ते काळं डबडं पुन्हा एकदा उलटं केलं आणि नव्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे हाताला जी काही खाच लागत होती तिच्यात दाबून पाहिलं. बसलं नाही. टेबलाखाली गुडघे टेकून, ओढणीचं टोक दातांत धरून, मोबाइलचा उजेड पाडून तिने नीट बघितलं. जुन्या कॉम्प्युटरला मागे रुंद, दातेरी खाच होती आणि हे डबडं तिच्यात वर्षानुवर्षं रुतून बसलेलं असायचं. नव्याला असली खाचच नव्हती. बाहेर निघताना तिचं डोकं टेबलाच्या कडेला आपटलं.

"काय जयं?" समोरच्या खुर्चीतून पितांबर बापूंनी विचारलं. "लागनं का?"

"नही लागत, बापू."

"जराशी ठोक."

"ठोकीसन काय व्हई? त्याले जागाच नही शे."

"दोधू ठोके."

हे मात्र खरं होतं. दोधूअण्णा म्हणजे रूपालीचे सासरे. प्रकाशा गावच्या बसस्टँडसमोरचं हे 'श्री ग्राफिक्स' त्यांनीच काढलेलं. कॉम्प्युटर रुसला की ते त्याला वरून एक चापट मारायचे आणि तो मुकाट सुरू व्हायचा. गेल्या वर्षी अण्णा गेले, आणि त्यांच्यामागे या चैत्रात त्यांचा कॉम्प्युटरही गेला. चापटा मारून झाल्या, आतली धूळ फुंकून झाली. शेवटी तळोद्याहून रूपसिंग आला, जुन्यातला सगळा माल त्याने नव्यात भरून दिला आणि वर छातीठोकपणे म्हणाला, "ताई, एकही फाइल मागे राहिली नाही." तो खोटं बोलला नव्हता. सगळ्या फाइली आल्या होत्या, फक्त अण्णांची एकही वाचता येत नव्हती.

अण्णांचं मराठी टायपिंग जुन्या पद्धतीचं होतं. त्यांची अक्षरं एका खास सॉफ्टवेअरमधून यायची आणि ते सॉफ्टवेअर हे डबडं मागे लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. म्हणून दुकानात सगळे त्या डबड्याला लॉक म्हणायचे. रूपाली लग्न होऊन आली ती नव्या पद्धतीचं मराठी शिकूनच, त्यामुळे तिचं काम अडत नव्हतं. लग्नसराईच्या पत्रिका ती धडाधड काढत होती. अडलं होतं ते या एका म्हाताऱ्याचं, आणि तो म्हातारा सकाळपासून तिच्यासमोर ठाण मांडून बसला होता.

तिने फाइल पुन्हा उघडली. वर एक पिवळी पट्टी आली, ही फाइल फार जुनी आहे असं काहीतरी बजावून गेली. खाली चौकोन, कंस, डॉलरच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता भुगा. वर मध्यभागी बापूंचा फोटो तेवढा जसाच्या तसा होता. गुलाबी फेटा, कपाळाला गंध, मिशी नीट विंचरलेली.

बापू चष्मा वर सरकवत पुढे वाकले.

"हाई काय शे?"

"तुम्हनी पत्रिका."

"माले त यामा मीच दिसस. बाकी कोनीच दिसत नही."

रूपालीने कपाळाला हात लावला. दुसरं कोणी असतं तर तिने सरळ सांगितलं असतं, बाबा रे, नवी करून देते, हो म्हण आणि घरी जा. पण ही पत्रिका साधी नव्हती. ही बापूंच्या स्वतःच्या गंधमुक्तीची पत्रिका होती, आणि बापू तर हे असे धडधाकट, पंख्याखाली बसून तिच्या डोक्याला ताप देत होते.

त्यामागे कारण होतं. बापूंची बायको शोभाबाई गेली तेव्हा घाईघाईत छापलेल्या पत्रिकेत तिच्या सख्ख्या भावाचं नाव राहून गेलं. विसरवाडीचे मेव्हणे, हायवेवर टायरचं दुकान असलेले. गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे दुखवटा संपून घरच्यांच्या कपाळाला पुन्हा गंध लागतं त्या दिवशी, ते आले, तापीच्या घाटावर बाजूला उभे राहिले, चहासुद्धा न घेता आणलेला कपडा तसाच गाडीत टाकून परत गेले. ते पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. पत्रिकेत नाव असणं म्हणजे घराने त्या माणसाला चारचौघांत आपलं म्हणणं. ज्याचं नाव नाही, त्याने मयताच्या दारी यायचं तरी कोणत्या तोंडाने?

तेव्हापासून बापूंनी मनाशी पक्कं केलं की आपली पत्रिका आपण स्वतः तपासून जायची, पोरांच्या भरवशावर टाकायची नाही. दोधूअण्णांनी ती करून दिली. दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर बापू यायचे. कोणी जन्मलं असेल त्याचं नाव घालायचं, कोणी गेलं असेल त्याच्या नावामागे 'कै.' लावायचं, कोणाचं लग्न झालं असेल तर सून वाढवायची. छापील प्रत मात्र त्यांनी कधी नेली नाही. जित्या माणसाची असली पत्रिका घरात ठेवली तर घराला दुखणं लागतं, असं त्यांच्या सुनेने, कामिनीने, बजावून ठेवलं होतं. त्यामुळे पत्रिका राहायची अण्णांच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि ते काम अण्णा स्वतः करायचे. रूपालीच्या वाट्याला फक्त चहा सांगायचं काम यायचं.

अण्णा होते तोवर ठीक होतं. अण्णांना अशा कामाची हौसच होती. पत्रिकेत एक बोटभर जागा कोरी राहिलेली त्यांना खपायची नाही. जरा मोकळं दिसलं की तिथे कमळ नाहीतर वेलबुट्टी टाकायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, अण्णा, पुरे, तर म्हणायचे, कागदाचे पैसे दिलेत ना, मग कोरा कशाला नेता.

"बापू," रूपाली म्हणाली, "रूपसिंगले फोन लावस. त्यालेच इचारू."

रूपसिंग तेव्हा जीपमध्ये होता. धडगावला कुठल्याशा ऑफिसातला प्रिंटर बंद पडला होता आणि तो घाट चढत होता. फोन लागला, पण लागला म्हणण्यासारखा नाही.

"ताई, आवाज येतोय का?"

"तुझा येतोय. इथे अण्णांची एकही फाइल वाचता येत नाही."

"फाइल आली ना?"

"फाइल आली रे! अक्षरं कुठे आहेत?"

"हां, म्हणजे फाइल आली, फॉन्ट नाही आला. तो वेगळा असतो, ताई. बघतो, माझ्याकडे कुठेतरी..."

पुढचं घाटाने खाल्लं. तिने पुन्हा लावला. या वेळी जीपमधल्या बायकांचं हसणं ऐकू आलं, एका कोंबडीचा आवाज आला, आणि रूपसिंगचा फक्त "हॅलो, हॅलो". तिसऱ्या खेपेला फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली की ग्राहक संपर्कक्षेत्राबाहेर आहे. रूपालीला त्या बाईचा फार राग आला. फोन तिने टेबलावर असा आपटला की बापूंच्या पाण्याच्या ग्लासातलं पाणी हललं.

बाहेर बसस्टँडवर गर्दी वाढत होती. आखाजी परवावर आली होती. माहेरी निघालेल्या पोरीबाळी पिशव्या, पोरं, ताटलीत झाकलेलं काहीबाही सांभाळत एसटीतून उतरत होत्या. त्यांना न्यायला आलेले भाऊ मोटारसायकली लावून उभे होते. समोरच्या चहाच्या टपरीवर बापूंचा मुलगा हेमकांतही तसाच गाडीला टेकून उभा होता. त्याला मात्र कोणाला न्यायचं नव्हतं. बापूंना आणून सोडायचं, त्यांचं काम होईतो टपरीवर थांबायचं आणि परत न्यायचं, एवढंच दर वर्षीचं त्याचं काम. दुकानाच्या आत तो कधी येत नसे.

"काय म्हने तो?" बापूंनी विचारलं.

"काहीच नही म्हने. बापू, खरं सांगू? अण्णास्नी अक्षरं त्या जुना कॉम्प्युटरसंगेच गयात. आते हाई फाइल नुसती ठेवा आणि तोंड देखा."

"म्हनजे कोनलेच वाचता येवाव नही?"

"कोनलेच नही."

"दुसरा दुकानमा? नंदुरबारले?"

"तठे बी हाईच दिसनार. कोन वाचनार शे हाऊ भुगा?"

आता म्हातारा कटकट करणार, दोधू असता तर असं झालं नसतं म्हणणार, याची तिने मनातल्या मनात तयारी केली. गेल्या वर्षी एक आडनाव एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेलं म्हणून याच माणसाने अण्णांना अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं. पण बापूंनी पडद्यावरचा भुगा एकदा वरपासून खालपर्यंत बघितला. मग त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"मंग नवी लिख," ते म्हणाले. "मी सांगस."

"सगळी?"

"सगळी. पहिलेपासून."

रूपालीला हायसंही वाटलं आणि वैतागही आला. हेच सकाळी म्हणाले असते तर एव्हाना पत्रिका होऊन गेली असती, दोन लग्नांची कामंही उरकली असती. तिने कोरं पान उघडलं, जुन्यातला फोटो उचलून वर मध्यभागी टाकला आणि बोटं ठेवली.

"कै. पितांबर," बापूंनी सुरुवात केली.

तिची बोटं थबकली. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर असं लिहायची तिच्यावर वेळ आली नव्हती.

"'कै.' आते नको टाकू का, बापू?"

"टाक. तव्हय घाईमा भुली जाशी."

तिने टाकलं. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे तीर्थरूप, वृद्धापकाळाने, तारखेची जागा सोडून द्यायची, हे सगळं बापूंना तोंडपाठ होतं. सांगताना त्यांचा आवाजही कीर्तनकारासारखा लागला होता. मेव्हण्यांचं नाव त्यांनी मुद्दाम पहिल्या ओळीत घ्यायला लावलं आणि अक्षर मोठं करून घेतलं. मग भाऊबंद आले, आणि तिथे गाडी अडली. चुलतभावाच्या नातवंडांपाशी बापू एकाचं नाव दुसऱ्याला देऊ लागले.

"मोठा तो... मोठा त सुरतले शे. का धाकला शे सुरतले?"

"बापू, आते मी कसं सांगू?"

"हेमकांतले बलाव."

तिने दारातून हाक मारली. हेमकांत आधी इकडेतिकडे बघत राहिला, जणू हाक दुसऱ्या कोणाला आहे. मग चहाचा कागदी कप चुरगाळून टाकून आत आला. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, पण त्या दुकानात उभा राहताना त्याला आपलं अंग कुठे ठेवावं कळत नव्हतं. रूपालीने स्टूल पुढे केलं. त्याने नावं सांगितली, सुरतेतला कोण आणि पुण्यातला कोण ते सांगितलं, आणि उठायला लागला.

"बठ," बापू म्हणाले. "अजून शेतस."

तो बसला. हातातली गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला.

"आते मुली आणि जावई," बापू म्हणाले. "लिख, सौ. वत्सला." तिच्या नवऱ्याचं नाव, गाव शिंदखेडा, मुलांची नावं. रूपालीने लिहिलं.

"पुढे नातवंडं घेऊ?"

बापूंनी डाव्या हाताने ग्लास उचलला. पाणी प्यायले. ग्लास हातातच ठेवला.

"सौ. दीपमाला," ते म्हणाले.

किल्लीचा आवाज थांबला.

दीपमाला कोण ते रूपालीलाच काय, आख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं. बापूंची धाकटी मुलगी. धडगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि तिथल्याच शाळेतल्या पाडवी नावाच्या आदिवासी गुरुजींशी लग्न करून बसली. हेमकांत चार माणसं घेऊन घाट चढून तिला आणायला गेला होता आणि रिकामा परत आला होता. त्या संध्याकाळी बापूंनी ओट्यावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की आपल्याला एकच पोरगी, वत्सला. त्यानंतर त्या घरात ते दुसरं नाव कोणी काढलं नव्हतं. शोभाबाईच्या गंधमुक्तीला ती नव्हती. पत्रिकेतही नव्हती.

रूपालीची बोटं हलेनात.

"थांबनी काबरं?" बापू तिच्याकडे बघत म्हणाले. मुलाकडे त्यांनी बघितलंच नाही. "पहिलेपासून शे ते नाव. दोधूनी लिखेल व्हतं. जुनामा जसं व्हतं तसंच लिख."

"पहिलेपासून?" हेमकांतने विचारलं.

"हा."

"माले कधी सांगं नही."

"तू कधी इचारं?"

पंख्याचं एक पातं घासून टकटक वाजत होतं. रूपालीला वाटलं आता हा उठणार, स्टूल लाथाडणार, आणि ही बापलेकांची जुनी धुणी तिच्या दुकानात, ऐन लग्नसराईत, गिऱ्हाइकांसमोर धुतली जाणार. नव्या कॉम्प्युटरला आणि रूपसिंगला तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा शिव्या घातल्या. फाइल सरळ उघडली असती तर यातलं काहीही तिच्या डोक्यावर आलं नसतं.

हेमकांत उठला नाही. तिने घाईघाईत नाव टाइप केलं आणि तेवढ्याच घाईत विचारलं, "जावईनं नाव?"

बापूंनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"तठे... तठे नुसतं दीपमालाच व्हतं."

"दिलवर," हेमकांत म्हणाला. घसा खाकरून त्याने पुन्हा सांगितलं. "दिलवर पाडवी. मु. पो. धडगाव."

रूपालीने लिहिलं. तिला वाटलं झालं. पण तो किल्लीकडे बघत पुढे बोलला.

"एक पोऱ्या बी शे. भाग्येश. नातवंडंस्मा त्याले घ्या."

बापू आता त्याच्याकडे वळले.

"केवढा शे?"

"चौथीमा गया." हेमकांतने किल्ली मुठीत धरली. "डावा हाते लिखस. गुरुजी होईसन बापनी सुधाराना लई प्रयत्न कया, पन सुधरत नही."

तुला कसं माहीत, असं बापूंनी विचारलं नाही. रूपालीच्या तोंडावर आलं होतं, तिने ते गिळलं. बापूंनी ग्लास टेबलावर ठेवला आणि धोतराच्या सोग्याने हात पुसला, डावाच, बराच वेळ.

"नातवंडंस्मा घे," ते रूपालीला म्हणाले. "नाव नीट लिख. माले वाची दाखाड."

तिने वाचून दाखवलं. बापूंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ते उठले, दारातल्या उन्हात डोळे बारीक करून क्षणभर उभे राहिले आणि हेमकांतच्या खांद्याला धरून पायरी उतरले. एरवी ते कोणाला धरत नसत.

दुपारची कामं संध्याकाळवर गेली, संध्याकाळची कामं उद्यावर. एका नवरीच्या मामाचं आडनाव चुकलं, तो येऊन भांडून गेला. दिवेलागणीच्या सुमाराला रूपाली उदबत्ती लावत असताना मोबाइल वाजला. रूपसिंगने एक फाइल पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, धडगावच्या ऑफिसातल्या जुन्या मशीनमध्ये अण्णांचा फॉन्ट सापडला, हा टाका, लॉकची गरज नाही, सगळं दिसेल.

"आता?" ती मोठ्याने म्हणाली. "आता पाठवतोस?"

तरी तिने तो टाकला. फाइल बंद करून पुन्हा उघडली. आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच चौकोन गेले, डॉलर गेले, आणि सगळ्या पानावर अण्णांची अक्षरं उभी राहिली. तीच जाड, काळी, जराशी डावीकडे झुकलेली शीर्षकं, कोपऱ्यांत तीच कमळं. रूपालीला एकदम अण्णांची आठवण आली आणि डोळे भरून आले. वैतागाने भरलेल्या दिवसात एवढीच काय ती कमाई, असं तिला वाटलं.

काही राहून गेलं का ते बघावं म्हणून ती नव्या पत्रिकेशी जुनी ताडून बघायला लागली. विसरवाडीचे मेव्हणे वरच होते. भाऊबंद तसेच. सुरतेतला धाकटा होता, हेमकांतने बरोबर सांगितलं होतं. ती मुली आणि जावई यांच्यापर्यंत आली. सौ. वत्सला, शिंदखेडा. त्याखाली काही नव्हतं.

तिने पान खाली सरकवलं, वर सरकवलं. नातवंडांत वत्सलाची मुलं होती, हेमकांतची होती. बस. दीपमाला कुठेच नव्हती. ना या ओळीत, ना त्या ओळीत, ना बारीक अक्षरांत. पहिलेपासून काय, कधीच नव्हती.

मग तिचं लक्ष वत्सलाच्या नावाखालच्या जागेकडे गेलं. तिथे एक पूर्ण ओळ कोरी होती. वर नावांची दाटी, खाली नावांची दाटी, आणि मध्ये ही एवढी मोकळी जागा. अण्णांनी तिच्यात कमळ टाकलं नव्हतं, वेलबुट्टी टाकली नव्हती. इतक्या वर्षांत किती नावं आत आली आणि किती 'कै.' झाली, पण ती ओळ त्यांनी कशानेही भरली नव्हती.

दर आखाजीला बापू या खुर्चीत बसायचे, अण्णा दार लोटून घ्यायचे, आणि ती बाहेरून चहा सांगायची. तो चहा कित्येकदा गार होऊन परत यायचा, तेव्हा ती चिडायची.

दारात मोटारसायकल थांबली. हेमकांतची होती. रूपालीने चटकन जुनी फाइल बंद केली आणि नवी समोर घेतली.

"बापूना चष्मा ऱ्हायना आठे," तो पायरीवरूनच म्हणाला.

चष्मा टेबलावरच होता. तिने पुढे केला. त्याने तो खिशात टाकला, पण वळला नाही.

"वहिनी, ती जुनी फाइल... उघडनी का मंग?"

"नही उघडनी."

"रूपसिंग काही करनार व्हता ना?"

"त्यानं काय सांगतस. दिनभर मन्हं डोकं खाधं त्यानी, बस. नही उघडत ती."

"म्हनजे आते कोनलेच वाचता येवाव नही?"

"कोनलेच नही, भाऊ."

हेमकांतने मान हलवली. मग आत आला, पडद्यासमोर उभा राहिला आणि खिशातून मोबाइल काढला.

"एक फोटो काढू का येना? धडगावले धाडना व्हता."

"काढा ना," ती म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं. "अहो, थांबा! वर 'कै.' लिखेल शे. बापूना फोटो शे. ती बिचारी देखीसनच पडी जाई!"

हेमकांत गोंधळला. पडद्याकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. मग त्याने आपला रुंद पंजा पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर आडवा ठेवला. गुलाबी फेटा झाकला गेला, ते अक्षर झाकलं गेलं, तारखेची कोरी जागाही झाकली गेली. दुसऱ्या हाताने मोबाइल जवळ नेऊन त्याने खालच्या ओळींचा फोटो काढला. नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला. पाठवला. खाली काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

"गया का?" रूपालीने विचारलं.

"एकच टिक दखाडस."

"घाटमा रेंज नही ऱ्हास. येई जराशी वेळमा. बठा, चहा सांगस."

नको म्हणता म्हणता हेमकांतने बापूंची खुर्ची ओढली आणि मोबाइल गुडघ्यावर उताणा ठेवून बसला.